माती बसेना

आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवतात. खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा कोरायचा, त्यात मांडी घालून बसवायचं, हातात लिंग, कपाळाला विभूती, भोवती बेल आणि मीठ, आणि मग माती. गावात आमची अशी तीनच घरं, त्यामुळे वेगळी जागा नव्हती. ज्याचं माणूस त्याच्याच शेतात. माझ्या आजोबांना, म्हणजे बाबांना, आमच्या ओढ्याकाठच्या तुकड्यात चिंचेखाली बसवलं तेव्हा मी नववीत होते. वर्षभरात ती माती आपोआप खाली दबते, आणि दबली की मगच वर दगडी चौथरा बांधतात. आधी बांधला तर तडकतो, इतकं साधं कारण. पण साध्या कारणावर आमच्या घराचं कधी समाधान झालेलं मला आठवत नाही. बाबांची माती बसेना, आणि त्यापायी माझं लग्न ठरलं, ही गोष्ट मी आजवर कुणाला सरळ सांगितलेली नाही. आता साठी उलटली, गुडघे बोलायला लागले, मग मीच कशाला गप्प बसू?

आमचं गाव बोरीपासून दोन कोसांवर. वडिलांचं, आप्पांचं, किराणा दुकान घराच्या पुढच्या अंगाला आणि मागे आम्ही. सकाळी मला जाग यायची ती मायच्या भाकरी थापायच्या आवाजानं, नाहीतर दुकानाच्या फळ्या एकेक करून निघण्याच्या. घरात कांदा-लसूण चालायचं, पण तिखट मात्र बाबांच्या पोटामुळे वर्षानुवर्षं कमी. ते गेल्यावरही मायचा हात मिरचीकडे सैल झाला नाही. मेथीची भाजी, दहीभात, शेंगदाण्याची चटणी तीही गोडसर. शेजारच्या पोरी आमच्याकडे जेवल्या की म्हणायच्या, "कामून गं तुमच्यात सगळ्यांला ताप आलेला आसतो का रोज?" दर सोमवारी माय हेच जेवण पळसाच्या पानावर वाढायची आणि मी ते बाबांच्या मातीवर ठेवून यायचे. बेल वाहायचा, उदबत्ती लावायची, मागे वळून न बघता चिंचेच्या पलीकडे जाऊन बसायचं. कावळा शिवला की घरी.

आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून माणिककाकाचं शेत. हा माणूस कसा होता ते सांगायला बसले की आजही माझी जीभ अडखळते, कारण तो चांगला होता. निर्व्यसनी, हळू बोलणारा, लहान पोरीलाही "बाई" म्हणून हाक मारणारा. बाबांचा खड्डा त्यानंच आप्पांसोबत खांदला. आमच्यातला नसून कोनाडा इतका नीट कोरला की विधीला आलेले स्वामी म्हणाले, "हात बसलाय ह्याचा." रोज दुपारी दुकानात यायचा, पोत्यावर बसून कपभर चहा प्यायचा, आणि जाताना कप स्वतः विसळून पालथा घालायचा. माय त्याच्या बायकोला, सरूकाकूला, म्हणायची, "नशीब काढलंस बाई."

बाबा गेले त्याच पावसाळ्यात यमुना दिसेनाशी झाली. नवऱ्यानं टाकलेली, गावाच्या कडेला एकटी राहायची, धुणीभांडी करायची. गाव म्हणालं, गेली पळून. उन्हाळ्यात एक सुया-पोत विकणारी बाई गावात आली, आमच्या ओसरीवर पाणी प्याली, मला एक लाल पोत फुकट दिली, आणि तिची टोपली दोन दिवसांनी ओढ्यात सापडली. तिचं तर नावही कुणाला ठाऊक नव्हतं. गाव म्हणालं, फिरस्ती बाई, तिचं काय. पोलीस पाटलानं कागद केला की नाही कोण जाणे. कुणी म्हणालं वस्तीतल्या पोरांचं काम असेल. नामांतराच्या दंगलीला फार दिवस झाले नव्हते, आणि गावात काहीही वाईट झालं की बोट आधी बौद्धवस्तीकडे वळायचं. आमच्या वर्गात तोवर माझ्या बाकावर बसणारी वस्तीतली सुमन मागच्या बाकावर गेली होती. ती आपणहून गेली की मी सरकले नाही म्हणून गेली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

आणि इकडे आमची माती. पहिल्या पावसात चांगली वीतभर दबली होती. पण पुढच्या सोमवारी मी गेले तर ढीग पुन्हा वर आलेला, भुसभुशीत, जणू कालच माणूस बसवलं. आप्पा बघून आले, कपाळाला आठ्या घालून आले. उन्हाळ्यात परत तेच. माय घाबरली. "ह्यांचा जीव कशात तरी अडकलाय," म्हणाली. दुकानात ही गोष्ट निघाली तेव्हा माणिककाका पोत्यावर बसलेला होता. त्यानं चहा संपवला, कप पालथा घातला आणि म्हणाला, "आप्पा, म्या लहान तोंडी मोठा घास घ्यायलाव. पर बाबाची एकच विच्छा व्हती ना? नातीच्या डोस्क्यावर अक्षदा पडलेल्या बगायची. ती उरकल्याबिगर माती कशी बसंल?" झालं! आप्पा ज्या माणसाचं वजनकाट्याइतकं ऐकायचे त्यानं सांगितलं. महिन्याभरात त्यानंच पाथरीचं स्थळ आणलं. आमच्यातलेच लोक, कापडाचं दुकान, मुलगा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तुळशीचं लग्न झालं की माझं. दहावीची पुस्तकं मायनं कोठीच्या खोलीत गोणपाटाखाली ठेवली. मी रडले, जेवले नाही, शेवटी आप्पांच्या पाया पडले की परीक्षा तरी होऊ द्या. आप्पा म्हणाले, "मंगल, बाबा उघड्यावर पडलेत आन् तुला परीक्षा सुचायली?" मी त्या रात्रीपासून मनात बाबांना शिव्या द्यायला लागले. सोमवारी पान ठेवताना म्हणायचे, बसा ना आता, किती छळाल!

त्या उन्हाळ्यातली एक दुपार मला नीट आठवते. सोमवार होता, मी पान घेऊन गेले तर चिंचेखाली माणिककाका फावडं घेऊन उभा. सदरा घामानं चिकटलेला. मला बघून दचकला नाही. "कोल्ह्यानं उकरलं बग बाई. बाबाला तसं ठिवू का म्या? बुजवायलाव." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला माझ्याजवळचं पाणी दिलं. तो प्याला, तोंड पुसलं, रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "एकलीच आलीस?" मी हो म्हणणार, तेवढ्यात धुऱ्यावरून मायची हाक आली, ती उदबत्तीचा पुडा घरी राहिला म्हणून मागोमाग आली होती. त्यानं फावडं खांद्यावर टाकलं. मायनं त्याला हात जोडले. घरी येताना ती म्हणाली, "पोटच्या पोरानं केलं नसतं." त्या एका विसरलेल्या पुड्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, हे मला पुढे चार महिन्यांनी कळलं. आजही घरातून निघताना मी काही विसरले तर परत फिरत नाही, मुद्दाम तसंच राहू देते.

श्रावणात सुमनची माय दिसेनाशी झाली. शेवंताबाई वस्तीतल्या खुरपणाऱ्या बायकांची पुढारीण. मोठ्या आवाजाची, कुणाच्या बापाला न भिणारी. दुकानात मिरची घ्यायला आली की आप्पांना म्हणायची, "शेट, ही मिरची हाय का भेंडी? चार खाल्ल्या तरी नाकातून पाणी न्हाई." एका सकाळी भाकरीचं गठुडं आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघाली ती आलीच नाही. पुन्हा तेच. गेली कुणाचा तरी हात धरून. सुमन घरोघरी विचारत फिरली. आमच्या दारातही आली, ओसरीखाली उभी राहिली. "माझी माय तीन लेकरं टाकून पळत न्हाई आप्पा. तुमी पाटलाला सांगा." आप्पा म्हणाले, सांगतो. सांगितलं नाही. मी आतून ऐकत होते, बाहेर आले नाही. सुमननं शाळा सोडली आणि मायच्या जागी खुरपायला जायला लागली. आमची माती पुन्हा वर आली, आणि मायनं लग्नाच्या पापडांचं पीठ भिजवलं.

पुढचं घडलं ते एका तांब्यामुळे. सरूकाकूच्या शेतात लिंबाखाली मजुरांसाठी पाण्याचा रांजण होता, आणि वस्तीतल्या बायकांसाठी वेगळा तांब्या. घरातला तांब्या त्यांना कोण देणार? तेव्हा सगळ्या गावात हीच रीत होती, आमच्याकडेही होती, लपवून काय उपयोग. सरूकाकूला गोठ्यात कडब्यामागे एक जुना पितळी तांब्या सापडला. कुणाचा कोण जाणे, घरात नको, म्हणून तिनं तो लिंबाखाली ठेवला. दोन दिवस बायका त्यानं पाणी प्याल्या. भांड्यावर नाव घातलेलं होतं, पण त्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या शेतात सुमन खुरपायला गेली.

त्या दुपारी मी पापड लाटत होते. बाहेर एकदम पळापळ झाली. कुणीतरी ओरडलं, "वस्ती आली! वस्ती आली!" तीस-चाळीस माणसं वेशीतून आत आली होती, हातात काठ्या. गावाला दुसरं काय सुचणार? धडाधड दारं लागली. आप्पांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, एक फळी दोनदा उलटी बसली. माणिककाका चहा प्यायला आलेलाच होता, तो म्हणाला, "आप्पा, भिऊ नका. म्या हाय." मागच्या अंगणातली आमचीच कुऱ्हाड त्यानं आणली, दाराजवळ भिंतीला टेकवली आणि स्वतः आडव्या बाजेवर बसला. माय मला घेऊन त्याच्या पाठीशी उभी राहिली. मला आठवतंय, त्याच्या पाठीचा किती आधार वाटला होता. सदऱ्याला जनावरांच्या चाऱ्याचा वास येत होता. बाहेर दंगल, आत माणिककाका. त्या दहा मिनिटांत त्या घरात मी जितकी निर्धास्त होते तितकी पुन्हा कधीच झाले नाही, आणि हे आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

दारावर थाप पडली. काठीची नाही, हाताची. "मंगल. ए मंगल. म्या सुमन."

माणिककाका मान न वळवता म्हणाला, "उघडू नगं बाई."

"मंगल, एकदा बग फकस्त. तुला वाचता येतंय. म्या वाचलेलं कुनी मानायचं न्हाई."

मी दोन महिन्यांपूर्वी हिच्यासाठी बाहेर आले नव्हते. कुठून बळ आलं ठाऊक नाही, मी मायचा हात सोडवला, बाजेला वळसा घालून कडी काढली आणि दार हातभर उघडलं. सुमननं पदराखालचा तांब्या माझ्या हातात दिला. गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. मी शाळेत वाचायचे तसं मोठ्यानं वाचलं, "शेवंतास भावाकडून." सुमन म्हणाली, "ह्याच्या शेतात सापडला. ह्येच्या. तुझ्या मागं बसलाय ना, त्येच्या."

मी वळले. माणिककाका माझ्याकडे बघत होता, तसंच, चिंचेखाली बघितलं होतं तसं. आणि माझ्या डोक्यात ते फावडं आलं. कोल्हा आला. घामेजलेला सदरा आला. मी म्हणाले, "आप्पा, ती माती... बाबांची माती..." आप्पांना काही कळलं नाही, पण मायला कळलं. तिनं मला मागे खेचलं ते इतक्या जोरानं की बांगडी फुटून माझ्या दंडात घुसली. माणिककाका उठला. "जुना तांब्या आसंल, सरूनं बाजारातून आनला आसंल. इच्चारून येतो," म्हणाला. कप विसळला. खरंच सांगते, कप विसळून पालथा घातला आणि मागच्या दारानं निघून गेला. कुऱ्हाड भिंतीलाच राहिली. आम्ही चौघं उभी होतो आणि कुणी त्याला अडवलं नाही. बोरीच्या स्टँडवर परभणीच्या एसटीत बसलेला असताना त्याला वस्तीतल्या दोन पोरांनी सायकली दामटत जाऊन धरला आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आमची माती उकरली. मला जाऊ दिलं नाही. आप्पा परत आले, अंगणात बसले आणि भडाभडा ओकले. तिघीही तिथंच होत्या, बाबांच्या कोनाड्याच्या अलीकडे, एकीवर एक. भुसभुशीत माती होती, नव्यानं खांदावं लागलं नाही. दर सोमवारी मी ज्यांच्या डोक्यावर बेल वाहिला, ज्यांना "बसा ना आता" म्हणून तोडून बोलले, त्या ह्या.

लोकांना वाटतं, खुनी सापडला की गाव सुटकेचा श्वास सोडतं. हां! आमचं गाव त्या दिवसापासून भ्यायला लागलं. आधी भीती कुठं होती? आधी तर बायका पळून जात होत्या. आता जो तो आठवायला लागला, आपण त्याच्यासोबत एकटे कधी होतो. बायकांनी सरूकाकूनं दिलेलं लोणचं बरणीसकट ओढ्यात टाकलं. तो बसायचा ते पोतं आप्पांनी साखरेसकट जाळलं आणि जळक्या साखरेचा वास दोन दिवस घरात होता. पोरी परसाकडे जायच्या तर चौघी-चौघी, आणि गेल्यावर एकमेकींना हाका मारत. सरूकाकूच्या घरावर दगड पडले. ती भावाच्या गाडीत बसून गेली तेव्हा मायच्या समोर थांबली, "वैनी, म्या रोज त्याच्या शेजारी निजत व्हते," इतकंच म्हणाली, आणि मायनं तोंड फिरवलं. पण सगळ्यात वाईट भीती ती नव्हेच. एकदा आप्पा मागून आले आणि मायच्या हातातली परात पडली. तिनं आप्पांकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी ओळखली, कारण तीच माझ्याही मनात होती. खड्डा दोघांनी मिळून खांदला होता. रोजचा चहा एकत्र होता. ह्यांना ठाऊक असेल का? नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पोलिसांनी दोन दिवस विचारून सोडलं. पण चांगला माणूस ओळखायची आमची खूणच गेली होती, मग बापाला तरी कोणत्या खुणेनं ओळखायचं? आप्पांना हे कळलं असणार. ते त्यानंतर घरात खाकरून यायला लागले, अगदी स्वयंपाकघरातसुद्धा, मरेपर्यंत.

पाथरीहून निरोप आला. ज्याच्या शेतात असलं निघालं त्या घरची सून नको, आणि मध्यस्थ कोण होता हेही कळलंय. माय दोन दिवस रडली. मी गोणपाट बाजूला करून पुस्तकं काढली, त्यांना बुरशी आली होती, आणि उन्हात ठेवता ठेवता मला हसू आलं. हसू! तीन बायका मेल्या म्हणून माझी परीक्षा वाचली होती. मी तोंडात पदर कोंबला. तेव्हा मला स्वतःची जी भीती वाटली ती कुणाचीच वाटली नव्हती. पुढे मी शिकले, मास्तरीण झाले, तीस वर्षं परभणीत पोरींना शिकवलं. आणि दर वर्षी निकालाच्या दिवशी मला ते हसू आठवायचं.

बाबांची जागा नीट करून आप्पांनी नवी माती टाकली. सोमवार चालू ठेवला. दिवाळीनंतर एकदा मी पान घेऊन गेले तर चिंचेखाली सुमन उभी. मला वाटलं भांडायला आली. मी म्हणाले, "सुमन, म्या त्या दिवशी, तू दारात आलीस तवा..." तिनं मान हलवली. ते तिला नको होतं. पानाकडे बोट करून तिनं विचारलं, "तुमी दर सोमवारी हे ठिवायचात?"

"हौ."

"ती हितं व्हती तवाबी?"

"हौ."

"आमी न्हाई मानत असलं. पर गठुडं तसंच घावलं ना तिचं, भाकर खाल्ली नव्हती. उपाशी व्हती ती. काय काय ठिवायचीस?"

मी सांगितलं. भाकरी, मेथीची भाजी, दहीभात. सगळं सांगितलं.

"ठेचा?"

"न्हाई गं. बाबाला तिखट सोसायचं न्हाई."

सुमननं ओठ आवळले, पण डोळे भरलेच. "तिला ठेच्याबिगर घास जायचा न्हाई," म्हणाली आणि खुरपं उचलून धुऱ्यावरून निघून गेली.

पुढच्या सोमवारी मी पाट्यावर लवंगी मिरच्या घेतल्या, लसूण, मीठ, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वाटलं. पानात भाकरीवर गोळा ठेवला. माय दारात उभी राहून बघत होती. "मंगे, बाबाला तिखट चालत न्हाई, इसरलीस का?" म्हणाली.

मी म्हणाले, "बाबाचं न्हाई ते."

माय आत गेली, अजून एक भाकरी आणली आणि पानावर ठेवली.